पाण्याखालची मोजणी

त्या साली तलाव लवकर आटायला लागला. बांधापासून पाणी तीस-चाळीस पावलं मागं सरलं आणि मधे नुसता चिखल उरला. एरवी होडी घराच्या दारात लागायची. आता ती चिखलाच्या कडेलाच अडकायची आणि पुढचं सगळं माणसाच्या मानेवर यायचं. पाणकणसाच्या ओल्या पात्यांचा भारा डोक्यावर घेऊन, पोटरीपर्यंत रुतत, चटईवाली दिवसाला सहा खेपा करायची. संध्याकाळी पायांवरचा चिखल वाळला की तो खरवडताना कातडीही सोलून निघतेय असं वाटायचं.

बाजारात तिला सगळे चटईवालीच म्हणत. घरात ती, नवरा आणि सासरा. तिघांचं पोट पाणकणसावर, काठावरच्या तीसेक घरांसारखंच. तलावाच्या एका अंगाला पाणी आत वळलेलं होतं; त्या जागेचं नावच ‘वळण’ पडलं होतं. तिथं पाणकणीस दोन पुरुष उंच वाढायचं. ते विळ्यानं कापायचं, होडीत रचायचं, काठावर सुकवायचं आणि त्याच्या चटया विणायच्या. पात्याच्या धारेनं तिचे तळहात असे कापले होते की भाग्यरेषा कुठली आणि जखम कुठली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

एका दुपारी नवरा घरी आला तो अंगात नारिंगी, फुगीर जाकीट घालून. सासऱ्याला दोन्ही डोळ्यांनी धुकं दिसायचं. त्यानं हात लावून चाचपलं.

“हे काय रे? गादी घातलीस अंगात?”

“जाकीट आहे. पाण्यात पडलो तर बुडत नाही.”

“तू पोहतोस की!”

“माझ्यासाठी नाही, बाबा. येणाऱ्या लोकांना बांधायचं. नोकरी आहे माझी.”

मग एकेक करून सगळं बाहेर पडलं. तलाव कचेरी वळणाची जागा बोटींचा धंदा करणाऱ्या एका जेटीवाल्याला देणार होती. पाणकणीस मुळासकट उपटायचं, फळ्यांचा धक्का बांधायचा, हौशी लोकांसाठी मोटारबोटी फिरवायच्या. जेटीवाल्यानं काठावरच्या चार-पाच पुरुषांना आधीच जाकिटं वाटली होती.

“आणि चटया?” तिनं विचारलं.

“चटया गेल्या खड्ड्यात. किती वर्षं चिखल तुडवायचा?” नवरा म्हणाला. “फक्त एक मोजणी व्हायची आहे. बुडी मारणारी पाखरं दोनशेच्या वर असली, तर जागा पाखरांसाठी राखून ठेवायची, असा नियम आहे. पण मोजणारे साहेब म्हणतात, तेवढी नाहीत.”

ती विणता विणता थांबली. “नाहीत? वळणात सकाळी नुसत्या टिबुकल्याच शंभराच्या घरात असतील.”

“तू गप्प बस. आणि हेही ऐकून ठेव. पाखरांसाठी राखली, तर ती अंड्यावर बसतात ते चार महिने आपल्यालाही आत पाय ठेवता येणार नाही. कोवळी पात त्याच महिन्यांतली. म्हणजे इकडून आड, तिकडून विहीर. मग निदान पगार तरी मिळू दे.”

तिनं मान खाली घातली आणि पात घट्ट ओढली. पात तुटली.

ती लग्न होऊन आली तेव्हा पाण्याला घाबरायची. होडीत बसली की दोन्ही हातांनी कडा धरून डोळे मिटायची. सासऱ्याची नजर तेव्हा चांगली होती. तो तिला पुढच्या टोकाला बसवायचा आणि म्हणायचा, “पाण्याकडं बघू नकोस, सूनबाई. पाखराकडं बघ.” पहिल्या वर्षात तिची भीती गेली आणि पाखरं उरली. सासरा सांगायचा, रंगावर जाऊ नकोस, उजेड फिरला की रंग फिरतो. बुडतं कसं आणि वर येतं कसं ते बघ. टिबुकली असते मुठीएवढी, शेपटी नसल्यासारखी; ती बसल्या जागी विरघळते आणि वर येते भलतीकडंच, तीही नुसतं डोकं काढून. चांदवा काळा, कपाळावर पांढरा टिळा. तो आधी उडी घेतो, मग बुडी, आणि तोंडात शेवाळ घेऊन बुचासारखा तिथंच वर उसळतो. पाणकावळा पोहतानाच अर्धा बुडालेला, चोच आभाळाकडे. त्याची बुडी लांब, आणि बाहेर आला की खुंटावर बसून धुणं वाळत घातल्यासारखे पंख पसरतो. थंडीत येणारी शेंडीवाली टिबुकली मोठी, मान उंच. ती खाली जाते तेव्हा पाण्यावर साधी रेघही उठत नाही.

हे सगळं तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. विळा चालवताना दिसायचं, एवढंच.

मोजणीचा दिवस उजाडला. वळणातल्या पाण्याच्या वाटा माहीत असलेलं माणूस साक्षीदार म्हणून बरोबर हवं होतं. तिथं सगळ्यांत आतपर्यंत कापायला जाणारी तीच, म्हणून कचेरीनं तिलाच बोलावलं. मोजणी साहेबांच्या गळ्यात दुर्बीण होती, हातात फळीला लावलेला कागद. बोट होती जेटीवाल्याची. चालवणाऱ्यानं दोरी ओढली तसा मोटारीनं असा आवाज केला की काठावरच्या कोंबड्यासुद्धा छपरावर गेल्या.

“साहेब, मोटार नको,” ती म्हणाली. “माझी होडी आहे. काठीनं नेते.”

“बाई, मला दुपारी दुसरा तलाव आहे.”

बोट वळणात शिरली. शिरण्याआधीच तिनं पाहिलं: समोरच्या मोकळ्या पाण्यावरचे ठिपके एकदम नाहीसे झाले. टिबुकल्या विरघळल्या. चांदवे पाण्यावर पाय आपटत पळाले ते थेट पाणकणसात. पाणकावळे उठून बांधापलीकडे गेले. साहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली तेव्हा समोर होतं ते नुसतं हलणारं पाणी. बोटीनं एक फेरा मारला, दुसरा मारला. साहेब बोटांवर काहीतरी मोजत होते.

“अकरा,” ते म्हणाले आणि लिहिलं.

“साहेब, ती खाली आहेत. मोटार बंद करून थोडं बसा. वर येतील.”

“किती वेळ पाण्याखाली राहणार? मासे आहेत का ते?”

चालवणारा हसला. बोट परत काठाला लागली. तिथं बरेच लोक जमले होते. तिचा नवराही, जाकीट घालून. साहेबांनी फळी तिच्यापुढं धरली.

“इथं सही करा. साक्षीदार.”

“नाही करत.”

“का?”

“अकरा नाहीत म्हणून. आत दोनशेच्या वर आहेत. उंटावरून शेळ्या हाकल्या तर शेळ्या दिसतील का?”

लोकांत खसखस पिकली. साहेबांचा चेहरा तांबडा झाला. ते काही आडदांड माणूस नव्हते. पण चारचौघांत चटई विणणाऱ्या बाईनं असं बोलावं हे त्यांना झोंबलं. त्यांनी पिशवीतून एक जाड पुस्तक काढलं.

“बरं. तुम्हाला पाखरं ओळखता येतात ना? सांगा, हे कोणतं?”

चित्रातलं पाखरू कोरड्या जमिनीवर उभं होतं. पायांसकट, एका अंगानं, स्वच्छ. गळ्याभोवती तांबूस झालर आणि डोक्यावर दोन शिंगं. असलं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं पुन्हा पाहिलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

“कोंबडा असेल रानातला,” ती म्हणाली.

साहेब मोठ्यानं हसले. “शेंडीवाली टिबुकली! उन्हाळी पिसाऱ्यातली. आणि हे?”

दुसरं चित्रही उभंच होतं. एक तपकिरी, बुटकं पाखरू, पाय मागे गेलेले. टिबुकलीचे पाय तिनं कधी पाहिलेच नव्हते. पाण्यावर दिसतंय ते अर्धंच पाखरू, आणि तेवढ्याशीच तिची ओळख.

“माहीत नाही.”

“साधी टिबुकली. म्हणजे जिची शंभर पाखरं तुम्ही सांगता, तीच.” साहेबांनी पुस्तक मिटलं. आता लोक तिला हसले. जेटीवाल्याचा माणूस म्हणाला, “चटईवाली, चटईवरची पाखरं मोजत असशील!”

तिचे कान तापले. पण फळी पुन्हा पुढं आली तेव्हा तिनं हात मागं नेले आणि पाठीशी बांधून उभी राहिली.

“पुस्तकातलं पाखरू बुडत नाही,” ती म्हणाली. “मी बुडणारी ओळखते. सही नाही म्हणजे नाही.”

साहेबांनी इकडं तिकडं पाहिलं. जेटीवाल्याच्या माणसानं तिच्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं. नवरा पुढं आला. तिच्याकडे न बघता त्यानं फळी घेतली, पेन मागितलं, आणि सही केली. तो बोटीत पाऊलसुद्धा टाकायला गेला नव्हता. काठावर उभा होता, हे तिथल्या प्रत्येकानं पाहिलं होतं.

घरी आल्यावर तिनं भात टाकला, ताटं मांडली. मग सासराच म्हणाला, “किती लिहिलं?”

“अकरा.”

म्हाताऱ्यानं घास ताटात ठेवला. “मला दिसत नाही, तरी अकराच्या वर ऐकू येतात.”

“बाबा, तुम्ही तरी आगीत तेल ओतू नका,” नवरा म्हणाला.

“मी कुठं ओततोय? सही कुणी केली, ते सांग.”

नवरा ताटावरून उठला.

साहेबांच्या कागदावर हरकत घ्यायला आठ दिवस होते. कचेरीच्या फळ्यावर तसं लिहिलं होतं. ती चौथीपर्यंत शिकली होती. तिनं बाजारातून शाळेची वही आणली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच सासऱ्याला होडीत बसवलं. वळणात जुने खुंट होते, भारे बांधायला ठोकलेले. एका खुंटापासून दुसऱ्यापर्यंत एक भाग, असे पाच भाग तिनं पाडले. एका भागासमोर होडी पाणकणसाला लावायची आणि हलायचं नाही. एका दमात नजर फिरवून पाण्यावर दिसतील तेवढी मोजायची. मग थांबायचं. पुन्हा मोजायची. असं दहादा. दहांत सगळ्यात मोठा आकडा येईल तो धरायचा. तेव्हाही चार-दोन खाली असणारच. ती सोडून द्यायची.

म्हातारा पुढच्या टोकाला कान देऊन बसायचा. “चांदवा गेला. डावीकडं,” म्हणायचा. “दुसराही गेला.” टिबुकलीच्या बुडीचा आवाज त्यालाही यायचा नाही, पण ती वर येऊन पिसं झटकायची, ते यायचं.

पाय आखडायचे. मच्छर मानेवर बसायचे आणि ती मारायची नाही, कारण हात हलला की एक अख्खा भाग रिकामा व्हायचा. सात सकाळी ती अशी बसली. त्या सात दिवसांत एकच चटई झाली, तीही तिरपी. शेजारीण दारातून म्हणायची, “मोजून पोट भरतं का गं?” ती म्हणायची, “न मोजता तरी कुठं भरतं?”

नवरा तिच्या आधी उठून जेटीवाल्याकडे जायचा. एकदा, जाताना, तो उंबऱ्याशी थांबला.

“सुनावणीत माझं नाव घेणार आहेस का?” त्यानं विचारलं. “न बघता सही केली म्हणून? खोट्या साक्षीला शिक्षा असते.”

“मला पाखरांचं सांगायचंय,” ती म्हणाली. “तुमचं तुम्ही बघा.”

आठव्या दिवशी सुनावणी. कचेरीत वरच्या ऑफिसातून एक अधिकारी आल्या होत्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत होते. मोजणी साहेबांनी आपला कागद वाचला. मग तिची वही घेऊन त्यांनी चार पानं उलटली.

“मॅडम, हे काही शास्त्र नाही. एकाच पाखराला यांनी दहादा मोजलंय.”

“दहादा मोजलं, पण धरलं एकदाच,” ती म्हणाली. “एका नजरेत एक पाखरू दोन जागी बसेल का? बसत असेल, तर माझी वही फाडून टाका.”

मोठ्या बाईंनी मान वर केली.

साहेब म्हणाले, “यांना पुस्तकातलं एकही चित्र ओळखता आलं नाही. आणि माझ्या कागदावर यांच्याच नवऱ्याची सही आहे. घरातच एकमत नाही!”

सगळं ऑफिस हसलं. नवरा मागं भिंतीला टेकून उभा होता, नारिंगी जाकिटात, लपता येणार नाही असा. मोठ्या बाईंनी त्याला विचारलं, “सही तुमची?”

“माझीच,” तो म्हणाला.

आता एका वाक्यात काम झालं असतं. हा बोटीत नव्हता, एवढं म्हणायचं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं. तिनं ते गिळलं, आणि गिळताना तिला त्याचा इतका राग आला की टेबलाची कड तिनं दोन्ही हातांनी धरली.

“बाई, माझं खरं की साहेबांचं खरं, ते इथं बसून कळणार नाही,” ती म्हणाली. “माझ्या होडीत या. मोटार नाही. सकाळचे तीन तास बसा. मग तुम्ही लिहाल तो आकडा मला मान्य. अकरा लिहिलात तर मी अकरावर सही करीन.”

“मॅडमना वेळ नाही,” साहेब म्हणाले. “परवा त्यांना परत जायचंय.”

“मग मी इथंच बसते. वेळ झाला की सांगा.”

आणि ती खरंच बसली. कचेरीच्या ओसरीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत. शिपायानं आधी विनवलं, मग दटावलं, मग तिच्याभोवती मुद्दाम झाडलोट केली. धूळ तिच्या तोंडावर आली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि दोन वीत सरकून पुन्हा वाटेतच बसली. अंधार पडल्यावर घरी गेली. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी हजर. बरोबर पात्यांचा भारा आणला होता. ओसरीतच चटई घातली विणायला. माणसं ओलांडून जायला लागली. दुपारी मोठ्या बाई जेवायला निघाल्या तेव्हा त्यांनाही ओलांडावी लागली.

त्या थांबल्या. “तुमची होडी माझं वजन पेलेल का?”

“पाण्यानं भिजलेले भारे पेलते,” ती म्हणाली. “तुम्ही तर कोरड्या.”

बाईंना हसू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता होडी निघाली. तीन माणसांच्या वर होडीत जागा नव्हती. सासरा पुढं, मोठ्या बाई मधे, ती मागं काठी घेऊन. मोजणी साहेब काठावर राहिले, चिखलात बूट सांभाळत. त्यांच्या मागं जेटीवाला, त्याची माणसं, आणि जाकीट घातलेला तिचा नवरा.

वळणात शिरून तिनं होडी पाणकणसाला टेकवली. पाणी रिकामं होतं. एक पाखरू नाही. बाईंनी घड्याळ पाहिलं. ती म्हणाली, “हलू नका.” बाईंनी चष्मा सारखा करायला उचललेला हात तसाच खाली ठेवला.

मग म्हातारा हळूच म्हणाला, “चांदवा. उजवीकडं.” आणि बुचासारखा एक काळा गोळा वर आला, चोचीत शेवाळ. त्याच्यामागं दुसरा. मग होडीपासून दोन हातांवर, कसलाही आवाज न होता, एक चिमुकलं डोकं पाण्यातून उगवलं, बाईंकडे एका डोळ्यानं बघितलं आणि पुन्हा नव्हतंच. “टिबुकली,” ती पुटपुटली. “आता तिकडं बघा, त्या खुंटाशी.” टिबुकली तिथंच वर आली. बाईंनी श्वास सोडला.

एकेक करून सगळं पाणी भरत गेलं. बाई मोजत होत्या, तीही मोजत होती. दोघींचे आकडे दोन-तीननं इकडेतिकडे होत होते, आणि कमी असेल तो बाई लिहीत होत्या. पहिल्या भागात एकावन्न. दुसऱ्यात अडतीस. तिसरा भाग उथळ झाला होता. तिथं फक्त चोवीस. चौथ्यात बेचाळीस.

“एकशे पंचावन्न,” बाई म्हणाल्या. “आणि एकच भाग राहिला.”

शेवटच्या भागाकडे जाताना काठी चिखलात रुतून बसली. जोर लावला तर पाणी हललं असतं. ती होडीतून उतरली, छातीभर पाण्यात, आणि खांद्यानं होडी इंचाइंचानं पुढं ढकलत नेली. तळाच्या चिखलात काहीतरी तिच्या टाचेला कापलं. ती थांबली नाही. होडी टेकली तेव्हा बाई एका तरंगत्या घाणीकडे बघत होत्या, सडक्या पात्यांचा एक ढीग.

“हा कचरा का काढत नाही इथला?”

तिनं पाण्यातूनच हात लांब केला आणि दोन बोटांनी वरचं एक ओलं पान उचललं. खाली चार अंडी होती, मळकट, शेवाळाचा रंग चढलेली. “टिबुकली जाताना झाकून जाते,” ती म्हणाली, आणि पान होतं तसं ठेवलं.

तिथं त्या तासभर बसल्या. ती पाण्यात उभीच होती, दात वाजत होते, हनुवटी होडीच्या काठावर. दहा वेळा मोजून झालं. बाईंनी बेरीज केली, पुन्हा केली.

“दोनशे चौदा,” त्या म्हणाल्या. “आणि कमीत कमी धरलेत.”

म्हातारा म्हणाला, “पाणकावळे धरले का? ते बांधावर वाळत बसलेत.”

“ते उद्याच्यासाठी राहू द्या,” बाई म्हणाल्या.

काठावर आल्यावर साहेबांनी आकडा ऐकला. त्यांचा विश्वास बसला नाही असं नव्हतं. पण कागदाचं माणूस कागदालाच धरतं. “मॅडम, आधीच्या अहवालावर साक्षीदाराची सही आहे. तो रद्द करायला कारण लागेल. काय कारण लिहायचं?”

ती गुडघ्यातून वाकून टाचेचं रक्त धूत होती. तिनं वर पाहिलं नाही.

नवरा पुढं आला. जाकिटाचे पट्टे सोडायला त्याला वेळ लागला. जाकीट काढून त्यानं जेटीवाल्याच्या माणसाच्या हातात दिलं.

“कारण मी सांगतो,” तो म्हणाला. “मी त्या बोटीत नव्हतो. इथं उभा होतो. इथल्या सगळ्यांनी पाहिलंय. मी काही मोजलं नाही, काही बघितलं नाही. नोकरीसाठी सही केली.”

“शुद्धीवर आहात का?” साहेब म्हणाले. “हे लिहिलं तर तुमच्यावरच शेकेल.”

“लिहा. आणि खाली माझी सही घ्या. ही तरी बघून करतो.”

मोठ्या बाईंनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. पुढं त्याला दोनदा कचेरीत बोलावलं, तासन्‌तास उभं केलं, ताकीद दिली आणि सोडलं.

वळण राखीव झालं. चार महिने आत कुणीच जायचं नाही, तोंडाशी दोरी बांधली. दोरी बांधली त्या दिवशी काठावरची बायामाणसं तिच्या दारात आली. जाकिटं गेलेलेही आले. कोण काय बोलत होतं ते कळत नव्हतं, इतका गलका. शेजारीण सगळ्यांत पुढं होती.

“पाखरं तुझ्या बापाची होती का? आता चार महिने काय, टिबुकलीची अंडी खायची?”

“चार महिन्यांनी कणीस तिथंच असेल,” ती म्हणाली. “धक्का बांधला असता तर मुळ्याच उपटणार होते. मग जन्मभर काय खाल्लं असतंस? जाकीट?”

“पाच घरांना तर मिळणार होतं!”

“आणि तीस घरांना?”

पण कुणाचा राग गेला नाही. संध्याकाळी तिच्या दारापुढं दोरीवर सुकत घातलेल्या दोन चटया कुणीतरी चिखलात लोळवल्या. तिनं त्या उचलल्या, तलावावर नेऊन धुतल्या, आणि परत त्याच दोरीवर, त्याच जागी टाकल्या. मग दारात बसून राहिली, ज्याला यायचं त्यानं यावं म्हणून. कोणी आलं नाही.

बांधाच्या डागडुजीचं काम निघालं होतं. नवराबायको दोघं दगड वाहायला लागले. पाणकणसाचा भारा ओला असला तरी मऊ असतो; दगडाची टोपली डोक्यात खिळे मारते. टाचेची जखम बरी व्हायची आणि फुटायची. नवरा टोपली भरायचा, ती उचलायची. दिवसभरात चार शब्दही होत नसत. पण तिच्या टोपलीत तो लहान दगड टाकायला लागला, हे तिच्या लक्षात आलं. तिनं एकदा टोपली खाली ठेवली आणि त्यात दोन मोठे दगड स्वतःच टाकले. “बाकीच्या बायकांएवढेच भरा,” ती म्हणाली. “माझ्यावर उपकार नकोत.” तो कसनुसा हसला. पुष्कळ दिवसांनी.

तिसऱ्या महिन्यात एकदा बांधावर कचेरीची गाडी थांबली. मोजणी साहेब उतरले. ऊन मी म्हणत होतं. ती टोपली डोक्यावर घेऊन चढण चढत होती.

“बाई, जरा ऐका,” ते म्हणाले. “थंडीत पुन्हा मोजणी आहे. कचेरीच्या पाचही तलावांची. वरून आदेश आलाय, तुमच्या पद्धतीनं करायची म्हणून. तुम्ही बरोबर यायला हवं.”

“सासरेही येतील. त्यांचे कान लागतात.”

“बघू. त्यांचं वय...”

“बघू नाही. दोघांची पूर्ण मजुरी. होडी माझी, तिचं भाडं वेगळं. आणि तुम्ही होडीत बसायचं, मी सांगेन तितका वेळ, हात न हलवता.”

खालून मुकादम ओरडला, वाट का अडली म्हणून. मागं टोपल्या घेतलेल्या बायकांची रांग लागली होती.

“ठरवून कळवतो,” साहेब म्हणाले.

“आत्ता सांगा,” ती म्हणाली. “मान दुखतेय माझी.”

ती हलली नाही. साहेबांनी रांगेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“बरं,” ते म्हणाले.

“मग सरका,” ती म्हणाली आणि चढण चढून गेली.